तेलाची पारख बोटाला जमत नाही

डिपस्टिक बाहेर काढायची, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घ्यायचा, दोनदा चोळायचा आणि बोटं हळूहळू लांब नेत तार कुठवर टिकते ते बघायचं. पाकाची तार बघावी तशी ही परीक्षा गावोगावचे मिस्त्री वर्षानुवर्षं करत आले आहेत. तार लांबली तर 'ऑइलात अजून दम आहे', लगेच तुटली तर 'पाणी झालं, बदलून टाका'. मग रंगाकडे नजर जाते. सोनेरी ते चांगलं, काळं ते वाईट. एवढ्यावर निकाल लागतो आणि लाखभर रुपयांच्या इंजिनाचं पुढचं वर्ष ठरून जातं.

मारुंजीसारख्या गावात ही परीक्षा फारच तोकडी पडते. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला खेटून आहे. लक्ष्मी चौकाकडून गावात शिरताना दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहताना दिसतात. नेरे-कासारसाईकडे वळलं की अजून शेतं लागतात. त्यामुळे स्पेअरपार्टच्या एकाच दुकानात आसपासचं सगळं जग तेल मागायला येतं: भाताच्या चिखलणीला जाणारा चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, सोसायट्यांना पाणी पुरवणारा टँकर, मुरूम वाहणारा डंपर, जेसीबी, कामावर जाणाऱ्याची मोटरसायकल, घरातली गिअर नसलेली स्कूटर आणि नवी टर्बो-पेट्रोल गाडी. इंजिनं सात, गरजा सात. 'सगळ्यात चांगलं ऑइल कुठलं?' हा प्रश्न इथे अर्धाच राहतो. कुठल्या इंजिनाला, कुठल्या इंधनावर, कसल्या कामाला आणि किती तासांसाठी, हे जोडलं की तो पुरा होतो. या प्रकरणात तोच सोडवायचा आहे.

बोटाला काय कळतं?

इंजिन फिरायला लागलं की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पडदा तयार होतो. धातू धातूला लागू न देणं हे त्याचं काम. या पडद्याची जाडी काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. शेतातली जी बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही, तिचे कण नेमके या पडद्याच्या मापाचे असतात आणि म्हणूनच सर्वांत जास्त झीज तेच करतात.

हा पडदा टिकतो तो तेलाच्या घट्टपणावर, म्हणजे श्यानतेवर. ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. ट्रॅक्टरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला शंभरच्या थोडी वर असते, १०० अंशांना मात्र ती चौदा-पंधरावर येते. म्हणजे हाताला कोमट लागणारं तेल इंजिनात तापलं की सात पट पातळ होतं. इंजिन काम करतं ते या पातळ तेलावर, आणि बोट तपासतं ते थंड झालेलं घट्ट तेल.

गोम इथेच आहे. जुन्या पद्धतीचं एकेरी ४० ग्रेडचं तेल आणि १५डब्ल्यू-४० हे बहुग्रेड तेल १०० अंशांना जवळपास सारखंच घट्ट असतं. पण ४० अंशांना एकेरी तेल बरंच जास्त घट्ट असतं. बोटाच्या परीक्षेत ते पहिलं येतं, आणि थंड इंजिन सुरू करताना तेच वरच्या टोकापर्यंत उशिरा पोचतं. शिवाय तार लांबवणं अवघड नाही. थोडं चिकट पॉलिमर मिसळलं की कुठलंही तेल बोटात तार धरतं. बोटाला एकच गोष्ट खात्रीने कळते: तेलात रेती किंवा धातूची कच आहे का. ती टोचली तर तेल बदलण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

आकडे काय सांगतात

तेलाच्या घट्टपणाची प्रतवारी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये पहिल्यांदा केली. आज डब्यावर दिसणारे आकडे तिच्यातूनच आलेले आहेत. १५डब्ल्यू-४० मधला दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधलं तेल ४० ग्रेडमध्ये बसतं, ९.३ ते १२.५ पर्यंतचं ३० मध्ये आणि १६.३ ते २१.९ पर्यंतचं ५० मध्ये. पहिला आकडा थंडीचा. १५डब्ल्यू तेल उणे २० अंशांना, २०डब्ल्यू उणे १५ अंशांना आणि ५डब्ल्यू उणे ३० अंशांना इंजिन फिरू देतं का, ते तपासलेलं असतं.

मुळशीत हिवाळ्याच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास रेंगाळतो, फार तर आणखी थोडा खाली जातो. तेव्हा गोठण्याच्या भीतीने ५डब्ल्यू घ्यायची गरज ट्रॅक्टरला नाही. तरीही पहिला आकडा लहान असला की सकाळी सेल मारल्या मारल्या तेल वरपर्यंत लवकर चढतं, आणि इंजिन सुरू होतानाच्या त्या काही क्षणांतच त्याची झीज जास्त होते. म्हणून १५डब्ल्यू-४० हा आपल्या हवेत डिझेल इंजिनांसाठी सुवर्णमध्य ठरला आहे.

इथे एक गैरसमज फार रुजलेला आहे: जेवढं जाड तेल तेवढं इंजिन सुरक्षित. मोठ्या फटींच्या जुन्या, झिजलेल्या इंजिनाला थोडं जाड तेल दिलासा देतं, हे खरं. पण नव्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात फटी लहान, तेलाच्या वाटा अरुंद आणि टायमिंग चेनचा ताणही तेलाच्या दाबावर. तिच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना 'पुण्याच्या उन्हाळ्यात पातळ नको' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंड इंजिनाला तेल उशिरा मिळतं आणि मायलेजही उतरतं. जाडी हा दर्जा नव्हे, ते माप आहे. चपला घेताना आपण सर्वांत मोठा नंबर मागत नाही.

अक्षरं आणखी महत्त्वाची

दर्जा कळतो तो अक्षरांवरून. एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था इंजिन तेलांच्या पायऱ्या ठरवते. पेट्रोल इंजिनांच्या तेलाला 'एस'ने सुरू होणारी जोडी, डिझेलच्या तेलाला 'सी'ने सुरू होणारी. 'एस'मध्ये एसएल २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची आणि एसपी २०२० ची. 'सी'मध्ये सीएफ-४ ही १९९० ची, सीएच-४ ही १९९८ ची, सीआय-४ ही २००२ ची, सीजे-४ ही २००६ ची आणि सीके-४ ही २०१६ च्या अखेरीची. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी पायरी नवी आणि सहसा वरची.

एकेका पायरीमागे खऱ्या इंजिनांवरच्या चाचण्या असतात. पिस्टनवर किती कीट चढलं, रिंगा चिकटल्या का, लायनर किती घासलं, काजळीने तेल किती घट्ट झालं, हे इंजिन खोलून मोजतात. सीके-४ साठीच्या चाचण्यांपैकी कॅटरपिलरच्या सी-१३ इंजिनावरची एकटीच चाचणी ५०० तासांची आहे. बोटाची परीक्षा दोन सेकंदांची. हा फरक डब्यावरच्या त्या दोन-तीन अक्षरांत मावलेला असतो, आणि गिऱ्हाईक नेमकी तीच न वाचता किंमत विचारतं.

आपल्याकडे इंजिन तेलासाठी आयएस १३६५६ हे भारतीय मानक आहे. दुचाकींसाठी आणखी एक खूण वाचावी लागते, ती जपानच्या जासो मानकाची. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. ती क्लचप्लेटवर बसली की क्लच घसरतो, रेस वाढते आणि गाडी पळत नाही. म्हणून मोटरसायकलला एमए किंवा एमए२. स्कूटरचा क्लच कोरडा, तेलाबाहेर असतो. तिला एमबी चालतं आणि इंधनही थोडं वाचतं. 'कारचं उरलेलं भारीतलं सिंथेटिक आहे, बाइकमध्ये टाकून देऊ' हा सल्ला इथेच आपटतो.

ट्रॅक्टरवाल्यासाठीही असाच एक सापळा आहे. मागच्या हाउसिंगमधलं तेल हायड्रॉलिक, गिअर आणि तेलात बुडालेले ब्रेक अशी तीन कामं करतं. ते तेल वेगळं असतं. तिथे इंजिनाचं साधं तेल घातलं की ब्रेक आवाज करू लागतात आणि नीट धरत नाहीत.

महाग ते चांगलं, नवं ते जास्त चांगलं, या समजुतीलाही मर्यादा आहेत. देशभर १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. या नियमांनंतर आलेल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. काजळी तिथे जळून जाते, पण तेलातल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती साठत राहते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं तेल लागतं. सीजे-४ पासून पुढे राखेवर १ टक्क्याची मर्यादा आली, ती यासाठीच. जुन्या ट्रॅक्टरमध्ये उत्तम चाललेलं सीआय-४ प्लस तेल या गाडीत ओतणं म्हणजे महागड्या जाळीचं आयुष्य कमी करणं. दोन्ही तेलं चांगली असतात, जागा चुकलेली असते.

काळं म्हणजे खराब नव्हे

इंजिन तेलात साधारण ऐंशी ते नव्वद टक्के मूळ तेल असतं. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोन्ही कंपन्यांच्या रिफायनऱ्यांत असं मूळ तेल तयार होतं. उरलेला भाग रसायनांचा. त्यातली काही धातूवर चिकटलेलं कीट सोडवतात, काही काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवतात, काही आम्ल मारतात. जस्त आणि गंधकयुक्त एक रसायन धातूवर झीज रोखणारा थर चढवतं. पॉलिमर तापल्यावर तेल फार पातळ होऊ देत नाहीत, आणि सिलिकोनचा एखादा अंश फेस मारतो.

आता डिझेल इंजिनात नवं तेल घातलं आणि दोन दिवसांत ते काळं झालं, तर काय झालं? डिझेल जळताना काजळी होतेच. ती लायनरवर, रिंगांच्या खाचांत किंवा चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, तळाशी न बसता तेलात तरंगू लागली, म्हणून तेल काळं दिसलं. म्हणजे तेल आपलं काम करू लागलं. शेकडो तास चालून डिझेलचं तेल सोनेरीच राहिलं, तर उलट शंका घ्यावी.

नव्या तेलाचा रंगही फसवा असतो. लाल, निळा, हिरवा ही रंगद्रव्यांची किमया. वापरलेलं तेल गाळून त्यातला काळेपणा मातीने उडवला तरी ते सोनेरी दिसतं. रंग परत येतो, रसायनं परत येत नाहीत.

रंगाची एकच भाषा विश्वासाची: दुधाळ, करडं किंवा लोण्यासारखं फेसाळ तेल म्हणजे आत पाणी. ट्रॅक्टरमध्ये लायनरच्या खालच्या रबरी ओ-रिंगा गेल्या किंवा हेड गॅस्केट उडालं की रेडिएटरचं पाणी चेंबरमध्ये उतरतं. पावसाळ्यात झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली तर घाबरू नये. हिंजवडीपर्यंत जेमतेम दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापतच नाही आणि हवेतली वाफ तिथे थिजते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ असेल, तर मात्र सेल मारू नये.

आम्ल आणि जुने नियम

'दर दोनशे तासांना बदलायचंच' किंवा 'दीडशेच्या पुढे नको' असे पाढे अनेक घरांत पाठ असतात. त्यांची मुळं डिझेलमधल्या गंधकात सापडतात. गंधक जळून त्याचं आम्ल होतं आणि ते बेअरिंग खातं. ते मारण्याची तेलाची ताकद टीबीएन या आकड्याने मोजतात. डिझेलच्या तेलात तो बहुधा दहाच्या आसपास सुरू होतो आणि वापराबरोबर उतरत जातो. सन २००० च्या सुमारास आपल्या डिझेलमध्ये २,५०० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे. बीएस-३ मध्ये ती मर्यादा ३५० वर, बीएस-४ मध्ये ५० वर आणि बीएस-६ मध्ये १० वर आली. आता आम्ल तेलाची ताकद पूर्वीसारखी झपाट्याने खात नाही.

म्हणून बऱ्याच ट्रॅक्टर कंपन्या आज २५० तासांचा किंवा त्याहून मोठा टप्पा देतात. तो पाळावा, पण आंधळेपणाने नाही. तास आधी भरतात की वर्ष, यात जे आधी येईल ते धरायचं. मारुंजीच्या ट्रॅक्टरचा तर कामाचा मेळच बदलला आहे. पूर्वी नांगरणी, चिखलणी, मळणी असे हंगाम. आता वर्षभर टँकर ओढणं, विटा-मुरमाची ट्रॉली, जाममध्ये तासन्‌तास नुसतं चालू इंजिन. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर घड्याळासारखा चालत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. मंद रेसवर तासभर उभं राहिलं तरी त्यावर तास भरत नाही. काजळी आणि न जळलेलं डिझेल मात्र अशा वेळीच जास्त खाली उतरतं. रस्त्यावर अडकून राहणाऱ्या ट्रॅक्टरसाठी मीटरवरचा आकडा थोडा कमीच धरलेला बरा.

हंगामाचाही एक नियम आहे. चिखलणी संपवून ट्रॅक्टर महिना-दोन महिने शेडमध्ये उभा राहणार असेल, तर तेल उभं करण्याआधी बदलावं. ओलावा आणि आम्ल असलेलं जुनं तेल तसंच आत ठेवलं तर ते बसल्या बसल्या बेअरिंगवर काम करतं. आणि तेलाएवढंच लक्ष एअर फिल्टरकडे द्यावं. ज्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा फिल्टर आहे, त्याच्या वाटीत गाळ साठला की धूळ थेट इंजिनात जाते. मग चेंबरमध्ये कितीही भारी तेल घाला, ते धुळीची चटणी होतं.

टिपकागद, तवा आणि फ्रीजर

घरच्या घरी काहीच करता येत नाही असं नाही. बोटापेक्षा बऱ्या चार-पाच परीक्षा आहेत आणि त्यांना खर्च जवळजवळ शून्य.

पहिली टिपकागदाची. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे तेल ढवळलेलं आणि गरम असेल. जाड टिपकागद किंवा फिल्टर पेपर पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवा, मधला भाग कशालाही टेकता कामा नये. डिपस्टिकवरून एकच थेंब मध्यावर सोडा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी थेंब पसरून वर्तुळं झालेली असतात. काळा रंग मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला असेल, तर काजळी तरंगत ठेवायची ताकद शाबूत आहे. मध्ये काळाकुट्ट ठिपका, त्याला धारदार कड आणि बाहेर एकदम स्वच्छ तेल असं चित्र असेल, तर काजळीच्या गुठळ्या झाल्या आहेत आणि तेल थकलं आहे. कड दातेरी, फाटल्यासारखी असेल तर पाण्याचा संशय. सगळ्यात बाहेर पिवळसर, पातळ, रुंद कडं आलं तर डिझेल मिसळल्याचा. कागदावर तारीख आणि तास लिहून ठेवा. दर पन्नास तासांचे ठिपके शेजारी शेजारी आले की तेल कुठल्या टप्प्यावर मान टाकतं ते तुमच्या ट्रॅक्टरपुरतं कळतं.

दुसरी तव्याची. तवा घराबाहेर चुलीवर किंवा शेगडीवर चांगला तापवायचा, आच बंद करायची आणि काडीने तेलाचा एक लहान थेंब सोडायचा. चेहरा लांब, लहान मुलं आणखी लांब. थेंब नुसता पसरला तर ठीक. तडतडला, बुडबुडे आले तर त्यात पाणी आहे. तो तवा परत भाकरीला वापरायचा नाही.

तिसरी पातळीची. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर डिपस्टिक बघा. तेल कमी झालं तर सगळे काळजी करतात. वाढलं तर 'बरं झालं' म्हणून सोडून देतात. चेंबरमध्ये तेल आपोआप वाढत नाही. वाढलं ते डिझेल तरी आहे किंवा पाणी तरी. डिझेल असेल तर डिपस्टिकचा वास घेतल्यावर कळतं, आणि ते फीड पंपाचा पडदा फाटून किंवा इंजेक्टर गळून आलेलं असतं. इथे तेल बदलून दुखणं जात नाही.

चौथी नव्या तेलासाठी. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलंय, आत खरंच बहुग्रेड तेल आहे का? खात्रीच्या डब्यातलं थोडं आणि संशयाच्या डब्यातलं थोडं तेल दोन सारख्या बाटल्यांत घ्या, घट्ट बूच लावा आणि रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे उणे अठराच्या आसपास तापमान असतं. सकाळी दोन्ही एकदम आडव्या करा. खरं तेल घट्ट झालेलं असलं तरी सरकतं. एक सरकलं आणि दुसरं जागीच थिजून राहिलं, तर डब्यातला माल लेबलप्रमाणे नाही. या परीक्षेत रसायनांचा दर्जा कळत नाही, म्हणून पास झालेल्या तेलाला लगेच उत्तम म्हणता येत नाही. नापास झालेलं मात्र नक्की परत करावं.

पाचवी काढलेल्या फिल्टरची. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरा. लोखंडाची चमचम असेल तर चुंबकाला लागते. तांबूस-पितळी कण असतील तर बेअरिंग किंवा बुश बोलतंय.

याच्या पुढचं प्रयोगशाळेला विचारावं. जेसीबी, डंपर किंवा टँकरचा ताफा असणाऱ्याला हा खर्च सहज परवडतो. नमुन्यात लोह वाढलं तर लायनर-रिंगा, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर धूळ, सोडियम वाढलं तर कूलंट, असा निदानाचा तक्ता मिळतो. सुटा एक अहवाल फारसा उपयोगी नसतो. एकाच इंजिनाचे लागोपाठ दोन-तीन असले की चढ दिसतो.

डबा खरा की खोटा?

बनावट तेलाचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे खऱ्या डब्यात खोटं तेल भरणं. म्हणून लेबलचं मराठी-इंग्रजी चूक की बरोबर, यावर फार विसंबू नये. खोटारड्याच्या हातात लेबल खरंच असतं. बघायचं ते झाकण. कडी न तुटलेली हवी, खालचा पत्रा तोंडाला सलग चिकटलेला हवा. बॅच क्रमांक आणि महिना-वर्ष खोडलेलं किंवा वरून चिकटवलेलं नको. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ माप, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क डब्यावर असावाच लागतो. कंपनीने स्क्रॅच कोड किंवा क्यूआर दिला असेल तर दुकानातच तपासावा. आणि पक्कं बिल घ्यावं. त्यावर ग्रेड आणि बॅच लिहून घेतली तर उद्या भांडायला कागद हातात राहतो.

पिंपातलं सुटं तेल स्वस्त पडतं खरं. पण त्या पिंपावर काय लिहिलंय ते दाखवायला दुकानदार तयार नसेल तर ते सोडून द्यावं. इंजिन फ्लश, घर्षण कमी करणारी बाटली, 'जादूचं' मिश्रण यांचंही तेच. चांगल्या तेलातली रसायनं मोजून-मापून घातलेली असतात. वरून ओतलेल्या बाटलीने तो तोल बिघडू शकतो.

काढलेलं तेल जातं कुठे?

पारखीचा शेवटचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. ट्रॅक्टरच्या चेंबरमधून सहा-आठ लिटर काळं तेल निघतं. ते शेडच्या खांबाला वाळवीसाठी लावलं जातं, ओढ्याकडे सोडलं जातं किंवा बांधकामावर शटरिंगच्या प्लेटांना फासायला विकलं जातं. इतके टॉवर चढत असलेल्या गावात या तेलाला गिऱ्हाईक कमी नाही. ते फासणाऱ्या मजुराच्या हातांना काजळी, जड धातू आणि जळक्या तेलातली घातक द्रव्यं रोज लागतात. पावसाबरोबर उरलेलं विहिरीकडे जातं. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल स्पष्ट नोंदवलेलं आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर मूळ तेल आणि वंगण बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. नीट शुद्ध केलेलं तेल पुन्हा उत्तम मूळ तेल होऊ शकतं, त्यात कमीपणा काही नाही.

बिनापरवाना जे वाट काढतं, ते मातीने रंग उडवून परत बाजारात येतं. त्याला दोनच गोष्टी लागतात: काळं तेल आणि रिकामा, धड डबा. या दोन्ही गोष्टी आपणच भंगारवाल्याला किलोवर देतो. म्हणून तेल बदलून झाल्यावर रिकाम्या डब्याला सुरीने आडवा-उभा छेद द्यावा, झाकण वेगळं फेकावं आणि काळं तेल कॅनमध्ये साठवून पोचपावती देणाऱ्या संकलकाला किंवा सर्व्हिस सेंटरलाच द्यावं. पाच मिनिटांचं हे काम गावातल्या दहा-वीस गॅरेजांनी मनावर घेतलं, तरी त्या परिसरात खोट्या तेलाचा धंदा कच्च्या मालाविना अडतो.